या लेकरांची शाळा सुटू देऊ नका

कापूस वेचणी लागली की राजुरा तालुक्यातल्या शाळांचे बाक रिकामे होऊ लागतात. हंगाम सरला की बहुतेक मुलं परततात, काही परतत नाहीत. त्यांतल्या एखाद्याच्या घरात डोकावून पाहा. दहा वर्षांची पोर हापशीवरून पाणी आणते, धाकट्याला भात भरवते आणि मायनं गोळी खरंच गिळली का, हे तिला तोंड उघडायला लावून बघते. गोळ्यांचं पाकीट ती तांदळाच्या डब्यात लपवते. मायच्या हाती लागलं तर चुलीत जाईल, हे तिला ठाऊक आहे. बाप खाणीवर. आणि गाव तिला 'वेडीची पोर' म्हणतं.

'पोर लई खंबीर हाये' म्हणून आपण मोकळे होतो. पण हे खंबीरपण येतं कुठून? हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचा मानसिक आजार अशी ओझी घेऊन वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली सावरली. अशा मुलांच्या पाठीशी बहुधा एक तरी भरवशाचं माणूस होतं: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक.

ते माणूस आपणच व्हायचं आहे.

गुरुजी, मॅडम, सलग गैरहजर मुलाचं नाव कापण्याआधी त्याच्या घरी जा. उशिरा आलं तरी वर्गात घ्या. आशाताई, मायच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायचं काम पोरीच्या हातून काढून मोठ्या माणसाकडे द्या. सरपंच, पोलीस पाटील, आजाराला बाधा म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा; २०२१ साली शेजारच्या जिवती तालुक्यात वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून माणसांना बांधून मारहाण केली, ते विसरू नका. नातलगहो, पालक गंभीर आजारी असेल तर बालसंगोपन योजनेतून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा.

आणि औषध. पावसाळ्यात वर्धेच्या पुलावर पाणी चढलं की औषध आणायचा बल्लारपूर-चंद्रपूरचा रस्ता बंद होतो. गोळ्या तुटल्या की आजार उलटतो आणि त्याचा पहिला फटका लेकराला बसतो. आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. मग ती राजुऱ्यातच, बारा महिने मिळावीत, असा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या.

अडलं तर मानसिक आजारासाठी १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शाळेच्या फळ्याशेजारी, दवाखान्याच्या दारावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते ठळक रंगवा. मायचा आजार बरा व्हायला वेळ लागेल. पोरीची शाळा मात्र या सोमवारपासून सुरू होऊ शकते. तुमच्या गल्लीत असं एक घर असेल, तर आज संध्याकाळीच तिथं जा.