निदानापूर्वी गिअरबॉक्स उतरवू नका

नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांना भिडलेला असताना, कळमन्याच्या बाजाराकडे माल घेऊन निघालेली जुनी पिकअप सकाळी बिनतक्रार चालते, दुपारच्या कोंडीत तिचा गिअर पडेनासा होतो आणि गॅरेजात थंडावताच दोष लुप्त होतो, तेव्हा क्लचप्लेटलाच गुन्हेगार ठरवून गिअरबॉक्स उतरवण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला सर्वथा अन्याय्य वाटतो.

झिजलेली प्लेट घसरते, इंजिन गरजत राहते आणि गाडीचा वेग मात्र वाढत नाही. गिअर न पडणे वा खरखरणे हे निराळेच लक्षण होय, कारण तेथे क्लच पुरता सुटतच नसतो. द्रवदाबावर चालणाऱ्या क्लचचे तेल हवेतील आर्द्रता शोषते, आणि डॉट 3 प्रतीच्या तेलाचा जो उत्कलनबिंदू नवेपणी किमान 205 अंश असतो, तो ओलाव्यामुळे 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. मग नळीत बाष्प धरते आणि पायाचा सारा जोर ते बाष्प दाबण्यातच खर्ची पडतो. मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजले असेल, तर बाहेर थेंबही न गळता दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते. दोनतीनदा पेडल मारल्यावर गिअर पडला, तर संशय प्लेटवरून तेलाकडे वळवावा.

म्हणून गाडी तापलेली असतानाच, चालकाची सविस्तर जबानी घेऊन, तपासणी व्हावी, आणि तिचा मोबदला मालकाने खळखळ न करता द्यावा. मिस्त्रीला केवळ सुटे भाग बदलल्याचेच पैसे मिळत असतील, तर तो भागच बदलणार. तेल पालटून हवा काढण्याचे काम थोडक्यात उरकते; गिअरबॉक्स उतरला की गरीब मालकाचे दिवसाचे भाडे बुडते.