गाडी वळवायची कुणी?

बाईनं गाडी चालवली तर आता फारसं कुणी वळून बघत नाही. पण अरुंद रस्त्यावर पुढची वाट बंद निघाली, गाडी वळवायची वेळ आली, की शेजारचा म्हणतो, "तू उतर, मी काढतो." नवरा, दीर, नाहीतर टपरीवरचा कुणी अनोळखीसुद्धा. आणि बाई उतरते! गाडी दारात असून माहेरच्या वाडीला जायला एसटीची वाट बघणाऱ्या बायका मी पाहिल्यात. परत फिरता येईल याची खात्री नसते, म्हणून त्या रस्त्याला जायचंच नाही.

खरं तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मागं जात डावी-उजवीकडच्या मर्यादित जागेत गाडी घालणं परवान्याच्या चाचणीतच आहे. मी पाहिलेल्या ड्रायव्हिंग स्कूलांत मात्र बायकांना सकाळच्या रिकाम्या, रुंद रस्त्यावर सरळ फिरवून आणतात. झालं शिक्षण!

मैत्रिणींनो, यात ताकदीचं काही नाही. घाटात जागा अशी निवडावी, की दोन्हीकडून येणाऱ्याला आपण लांबून दिसू. वळणावर, चढाच्या माथ्यावर कधीच नाही. दरी उजव्या हाताला हवी. म्हणजे वळवताना गाडीचं तोंड दरीकडे आणि पाठ डोंगराकडे राहते. ऐकून धडकी भरते, पण दरीची कड डोळ्यांसमोर असलेलीच बरी. दरी डावीकडे असेल तर पुढं जाऊन एखादा फाटा गाठावा. डोंगराकडचं गटार आधी उतरून बघावं, मागचं चाक तिथंच अडकतं. मग डावी कड धरून, स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे, अगदी सावकाश. कडेच्या चांगलं अलीकडे थांबायचं, हँडब्रेक ओढायचा. रिव्हर्स टाकून स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पुन्हा थांबून हँडब्रेक. रस्ता कडेकडे उतरता असतो, गाडी आपसूक घरंगळते. तीनदा नाही जमलं तर पाचदा पुढं-मागं करावं.

तोवर "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारे पाचजण जमतातच, आणि पाचांचे हात पाच दिशांना. काच खाली करून सांगावं, एकानंच सांगा, आणि आरशात दिसाल असे बाजूला उभे राहा.

स्कूलची फी भरण्याआधी एवढं जरूर विचारा: अरुंद रस्त्यावर गाडी वळवायला किती दिवस देणार? उत्तर टाळलं, तर दुसरं स्कूल बघा.