कोरी जागा
शांघायचा यांग योंगलिआंग लहानपणी शाईची पारंपरिक चिनी चित्रं शिकला आणि पुढे संगणकाकडे वळला. त्याचं चित्र लांबून पाहावं तर धुक्यात बुडालेले जुन्या वळणाचे डोंगर. जवळ गेलं की कळतं, कडे म्हणजे एकावर एक रचलेल्या इमारती आणि झाडं म्हणजे क्रेन नि विजेचे खांब. सगळं फोटोंतून जुळवलेलं. मला त्यातलं धुकंच जास्त आवडतं. घडा उपयोगी पडतो तो आतल्या पोकळीमुळे, असं मानणाऱ्या ताओ विचारात मुरलेले चिनी चित्रकार धुक्याच्या जागी कागद कोरा सोडत आले. यांगनेही, हाताशी ढीगभर फोटो असताना, तेवढी जागा राखली. आपल्याकडे कोरी भिंत दिसली की फ्लेक्स लागलाच! अपवाद वर्ध्यातल्या गोपुरीचा. तिथलं १९८० साली खुलं झालेलं गीताई मंदिर म्हणजे विनोबांची गीताई कोरलेल्या उभ्या शिळा. मूर्ती नाही, छप्परही नाही. डिजिटल कला शिकणाऱ्या वैदर्भी पोरांनी स्क्रीन भरायला घेण्याआधी तिथे चक्कर मारावी. फक्त मे महिन्यातली दुपार टाळून; छप्पर नाही हे तिथे डोळ्यांआधी तळपायांना कळतं.