गॅस संपत नाही, गळतो!

उन्हाळा लागला की शहरांतल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एसीतला गॅस संपलाय, भरून घ्यावा लागेल.’ माझा आक्षेप ‘संपलाय’ या क्रियापदालाच आहे. संपतो तो स्वयंपाकाचा गॅस, कारण तो जळतो. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, द्रव होतो, पुन्हा वायू होतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, किंवा बसवतानाच तो कमी होता.

गळतीच्या जागाही बहुधा ठरलेल्या. नळ्यांच्या टोकांचे फ्लेअर नट, ब्रेझिंग केलेले सांधे आणि किनारपट्टीवर खाऱ्या हवेने गंजलेली कॉइल. नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरायचा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले की चोर सापडला. मग दुरुस्ती, व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात करणे आणि यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरणे.

मग हे होत का नाही? कारण आपण पैसे मोजतो ते भरलेल्या गॅसचे, शोधलेल्या गळतीचे नव्हे. ऐन मे महिन्यात दिवसाला अनेक घरे करणाऱ्या कारागिराने एकाच घरी दोन-तीन तास का घालवावेत? दोष त्याच्या एकट्याचा नाही.

हिशेब मात्र विजेच्या बिलापाशी थांबत नाही. शंभर वर्षांच्या मोजमापात आर-३२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट, तर आर-४१०ए सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवतो. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्याही मुळावर उठतो. किगाली येथे २०१६ साली झालेल्या कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली; त्यानुसार असे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. त्यातच आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, म्हणजे अर्धवट ज्ञान धोक्याचेही.

करार दिल्लीत मान्य होतात. पाळले जातात ते गच्चीवर, खिडकीबाहेरच्या लोखंडी चौकटीवर. म्हणून ग्राहकाने दोनच गोष्टी बिलावर लिहून मागाव्यात : गळती कुठे सापडली आणि गॅस किती ग्रॅम भरला. त्या शोधाची मजुरीही खळखळ न करता द्यावी. तसे झाले नाही, तर दर उन्हाळ्यात आपण पैसे देऊन हवेतच गॅस भरत राहू.