शुश्रूषेला जामीन कोण?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. याच रस्त्यांनी आळे आणि आसपासच्या गावांतील तरुण मंडळी पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेली. मागे राहिलेल्या आईबापांनी आता सत्तरी-ऐंशी गाठली आहे. कोणाचे मांडीचे हाड मोडले आहे, कोणाची एक बाजू अर्धांगवायूने गेली आहे, तर कोणास पोटच्या मुलांची नावेही आठवेनाशी झाली आहेत. अशा वेळी मुलगा शहरातील एखाद्या ब्युरोला फोन करतो, दर ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी एक सर्वस्वी अनोळखी बाई पिशवी घेऊन दारात उभी राहते. कोथरूडच्या सदनिकेत घडते तेच आळ्याच्या वाड्यात घडते. फरक एवढाच की, कोथरूडचा मुलगा सायंकाळी घरी येऊन आईच्या अंथरुणाकडे पाहू शकतो. आळ्याच्या मुलास ते महिन्यातून एकदा जमले तरी पुष्कळ.

ही सेवा चांगली की वाईट, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? मुलगा दुरून विचारतो, ‘‘आई, बाई बरी आहे ना?’’ बाई शेजारीच उभी असते. जिच्या हातून पाण्याचा पेला घ्यावयाचा, तिच्यादेखत तिची तक्रार कोणती आई करील? ‘‘बरी आहे हो,’’ या उत्तराला म्हणूनच प्रमाणपत्राची किंमत देता येत नाही.

वस्तुतः या सेवेची परीक्षा कठीण नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली जाते काय? पाठीवर, टाचांवर लाली किंवा जखम आहे काय? औषधे वेळेवर दिल्याची नोंद वहीत आहे काय? दर आठवड्यास माणूस बदलते, की तोच परिचित चेहरा टिकतो? बाई रजेवर गेली तर बदली येते काय? एखादी प्रशिक्षित परिचारिका मधूनमधून देखरेखीस फिरकते काय? आणि याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : कुटुंब जी रक्कम मोजते, तीतील किती त्या बाईच्या हाती पडते, तिला झोप आणि सुटी मिळते काय? चोवीस तास राबणाऱ्या थकलेल्या हातांकडून हळुवार सेवेची अपेक्षा करणे हा शुद्ध अन्याय होय.

आता कायद्याची तऱ्हा पाहा. इमारतीच्या फाटकावर पहारेकरी पुरवणाऱ्या संस्थेस २००५ च्या केंद्रीय कायद्यान्वये परवाना घ्यावा लागतो. पहारेकऱ्याचे प्रशिक्षण आणि पूर्वचारित्र्याची पडताळणी बंधनकारक आहे. त्याच इमारतीत एका असहाय वृद्धेच्या उशाशी रात्र काढणारी व्यक्ती पुरवणाऱ्यास मात्र तसा कायदा नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, न्यायाधिकरणे निर्माण केली. परंतु घरपोच शुश्रूषेबाबत तो मूकच राहिला. ही उणीव भरून काढणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांसाठी किमान मानके, प्रशिक्षित आणि पोलीस-पडताळणी झालेले सेवक अशा तरतुदी त्यात होत्या. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर मावळले.

इंग्लंडात एक स्वतंत्र आयोग अशा सेवांची तपासणी करून त्यांची प्रतवारी जाहीर करतो. तेवढे दूर जावयाचे नसेल तर केरळ पाहावे. २००८ च्या धोरणानुसार तेथील ग्रामपंचायतींनी अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठवण्याची व्यवस्था उभी केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापून पंचायत राज्याचा गाजावाजा करणाऱ्या महाराष्ट्रास हे अशक्य का वाटावे?

नोंदणीने सेवा महागेल आणि निरीक्षकांचे फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. ब्युरोंची जिल्हावार नोंदणी व्हावी. सेवकांना किमान प्रशिक्षण आणि लेखी करार मिळावा. आणि आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याने तीन महिन्यांतून एकदा अशा घरी जाऊन रुग्णाशी एकांतात बोलावे. जुन्नर-आंबेगावच्या उपविभागापासून हा प्रयोग आरंभण्यास दिल्लीच्या मुहूर्ताची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोवर सुशिक्षित कुटुंबांनीही स्वतःस दोष द्यावा. सोने घेताना आपण शिक्का पाहतो, दूध नासले तर गवळ्यास जाब विचारतो. आईच्या सेवेसाठी माणूस ठेवताना मात्र ‘‘महिन्याचे किती?’’ एवढ्यावरच आपली चौकशी संपते.

ज्ञानदेवांनी ज्या रेड्याच्या मुखी वेद वदविले, असे परंपरा सांगते, त्याची समाधी याच आळ्यात आहे. मुक्या जिवाला वाचा लाभल्याची स्मृती शतकानुशतके जपणाऱ्या या भूमीत अंथरुणावरचा वृद्ध बोलता येत असूनही गप्प राहतो. त्याने निर्धास्तपणे बोलावे आणि कोणीतरी ते ऐकून घ्यावे, एवढी व्यवस्था करणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ती मागणे आपले.