गुरुजींची पेन्शन आणि 1 नोव्हेंबरची रेघ



गेल्या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एक बाई घरी आल्या. खासगी शाळेत त्यांनी तेवीस वर्षे शिकवले. हातात पिशवी, पिशवीत नेमणुकीचे पत्र, मान्यतेचा कागद, सेवापुस्तकाची झेरॉक्स. म्हणाल्या, "दादा, मी आणि शेजारच्या शाळेतले सर एकाच वर्षी, 2001 साली नोकरीला लागलो. डी.एड.सुद्धा सारखेच. सरांना पेन्शन सुरू झाली. मला का नाही?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तारखेत अडकले आहे.

महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना सरकारी नोकराप्रमाणे पेन्शन मिळू लागली. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि माघारी घरच्या माणसाला कुटुंब निवृत्तिवेतन. ज्याच्या घरात शिकून पगार आणणारा तोच पहिला माणूस, त्याला या रकमेची किंमत सांगावी लागत नाही.

मग 31 ऑक्टोबर 2005 चा शासन निर्णय आला. दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 पासून, नव्याने लागणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद झाली. पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कापून घ्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे. पुढे ही योजना केंद्राच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेला जोडली गेली. त्या योजनेत जमा रकमेच्या किमान 40 टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यावी लागे. किती मिळणार हे बाजार ठरवतो आणि महागाई भत्ता त्यावर चढत नाही.

पण बाई तर 2001 च्या! खरी मेख इथेच आहे. त्या लागल्या तेव्हा शाळा विनाअनुदानित होती. शंभर टक्के अनुदान 2005 नंतर मिळाले. सरकारचे म्हणणे असे की त्या तारखेआधी शाळेला शंभर टक्के अनुदान हवे. सरांच्या शाळेला ते होते. बाईंनी तारीख चुकवली नव्हती, शाळेने चुकवली होती. अशा शिक्षकांचे दावे कोर्टात गेले आहेत.

सुप्रीम कोर्टाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असे सांगितले. आपल्याकडे टेबलामागचा साहेब मात्र अजून पदरचे दिल्यासारखा बोलतो.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. 2 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने सरकारी कर्मचाऱ्यांपैकी ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एकदाच संधी मिळाली. मुदत सहा महिने होती. बाईंचा प्रश्न त्यात बसत नाही.

जाता जाता विनाअनुदानित शाळांतल्या ताईंसाठी. ग्रॅच्युइटीचा कायदा शिक्षकांना लागू नाही, असे 2004 साली सुप्रीम कोर्टाने म्हटले होते. संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती करून तो 3 एप्रिल 1997 पासून लागू केला आणि 2022 मध्ये कोर्टानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. पाच वर्षे पुरी झाली असतील, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार, हा हिशेब आहे. "आमच्याकडे पद्धत नाही" असे संस्थाचालक म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

बाईंच्या पिशवीत एकच कागद नव्हता, शाळेच्या अनुदानाच्या आदेशांची नक्कल. किती टक्के, कोणत्या तारखेपासून, हे त्यावरच कळेल. संस्थेच्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो. कारकून रजेवर आहेत म्हणे. सोमवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी लेखी अर्ज घेऊन.