आधीं विचारलें होतें काय?

कचेरींत शेजारीं बसून काम करणाऱ्या स्त्रीस जो दुजाभाव सोसावा लागतो, तो पुरुषांच्या ध्यानांत येत कसा नाहीं, असा प्रश्न एका वाचक भगिनीनें या सदराकडे धाडला आहे. तो मजकडे आला हें एका अर्थीं योग्यच झालें. कारण ज्यांना दिसलें नाहीं त्यांपैकीं मीहि एक आहें.

विद्वत्तेनें हा दोष जातो असें कोणी समजूं नये. १९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेतलेल्या कु. कमला भागवत (दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी, पुढें कमलाबाई सोहोनी) यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठीं अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन्. नोबेल पारितोषिक मिळून त्यांस तीनच वर्षें लोटलीं होतीं. द्रवांतून विखुरतांना प्रकाशाचा रंग किंचित् पालटतो हें ज्या दृष्टीनें टिपलें, तिला या मुलीची योग्यता दिसली नाहीं. केवळ स्त्री म्हणून अर्ज नाकारला गेला. वडील व चुलते याच संस्थेंत शिकलेले. बाई स्वतः बंगळूरास जाऊन ठाकल्या व कारण विचारूं लागल्या. अखेरीस प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाहीं, आणि तिच्यामुळें पुरुष संशोधकांचें चित्त विचलित होतां कामा नये. (चित्त पुरुषांचें, जामीन मात्र मुलीनें राहावयाचें!) वर्षभर काम पाहून रामन् यांचें समाधान झालें, आणि पुढें तेथें स्त्रियांना प्रवेश मिळूं लागला. १९३९ सालीं कमलाबाई केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. ती वागणूक मात्र त्या उतारवयांतहि विसरल्या नव्हत्या.

नैयायिक प्रत्यक्षास पहिलें प्रमाण मानतात. रामन् यांस तें प्रत्यक्ष मिळालें. पण त्यासाठीं वर्ष खर्ची पडलें तें बाईंचें.

माझें प्रत्यक्ष याहून पुष्कळ उशिरा आलें. ज्या शाळेंत मीं ३० वर्षें संस्कृत शिकविलें, तेथें त्याच विषयाच्या एक बाई होत्या. व्याकरणांत त्या माझ्याहून सरस. तरी दहावीचा वर्ग दरवर्षीं मजकडे, आणि बाईंकडे आठवी व स्नेहसंमेलनाची रांगोळी. दहावीस सकाळीं जादा तास असत. बाईंना घर आहे, मुलें आहेत, त्यांना त्रास नको, असें मुख्याध्यापक म्हणत. यांत दयाच आहे, असें मला वाटे. घर आणि मुलें मलाहि होतीं, हें कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

गतवर्षीं पुण्याहून माझ्या मुलीचा फोन आला. ती अभियंता आहे. जर्मनींत ६ महिन्यांचें काम निघालें, तें तिच्या मागाहून नोकरीस लागलेल्या एका तरुणास दिलें. वरिष्ठ मोठ्या सौजन्यानें म्हणाले, "तुमचें मूल लहान, म्हणून तुमचें नांव सुचविलेंच नाहीं." मी संतापलों. निदान विचारावें तरी! आमची सौ. तांदूळ निवडीत बसली होती. मान वर न करतां ती एवढेंच म्हणाली, "तुमच्या शाळेंतल्या बाईंना कोणी विचारलें होतें?"

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. पोटची मुलगी दुखावली तेव्हां माझे डोळे उघडले. याला न्यायबुद्धि म्हणवत नाहीं, हें ममत्वच. परंतु बहुतेक पुरुषांचे डोळे असेच उघडतात, हें त्या भगिनीस प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

चार दिवस धीर करून बाईंना फोन केला व झालें तें बोललों. त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, पहिलीं दोन वर्षें तुम्ही 'अनुत्तम' याचा विग्रह 'न उत्तमः' असा सांगत होतां. ज्याहून उत्तम दुसरा नाहीं तो अनुत्तम. माझ्या वर्गांत सारें ऐकूं येई. पुढें तुम्ही सुधारलांत."

"मग तेव्हांच कां नाहीं सांगितलेंत?"

"मजकडे आठवी होती ना!" असें म्हणून त्यांनीं मुलीची चौकशी केली. तिनें पुढील खेपेसाठीं आपलें नांव लेखी कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.